लाल-पिवळा रंग खरोखरच भूक वाढवतो का? फास्ट फूड साखळ्या आपले लक्ष कसे वेधतात?

शब्दपालवी

नमस्कार. मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना भाषा शिकवते आणि सध्या वर्गात ‘जाहिरातीची भाषा’ हा घटक चालू आहे. गेल्या आठवड्यात मी एक छोटा प्रयोग केला. सात फास्ट फूड साखळ्यांची बोधचिन्हे रंगीत छापून घेतली, कात्रीने त्यांचे तुकडे केले आणि नाव वाचता येणार नाही असा एकेक तुकडा मुलांसमोर धरला. पहिला तुकडा पिवळ्या कमानीचा होता, जेमतेम करंगळीएवढा. तो मी पुरता वर उचलण्याआधीच सगळा वर्ग एका सुरात उत्तरला. सातपैकी सहा चिन्हे मुलांनी अशीच झटपट ओळखली.

एवढे मला अपेक्षित होते. मात्र त्या दिवशी माझ्या सहकारी शिक्षिकेची साडेचार वर्षांची मुलगी मागच्या बाकावर चित्र रंगवत बसली होती. तिला अजून अक्षरओळख नाही. मान वर न करता तिनेही चार चिन्हांची नावे सांगितली, आणि त्यांपैकी एका साखळीच्या दुकानात ती आजवर एकदाही गेलेली नाही, असे तिच्या आईने मला नंतर सांगितले. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

या विषयावर जे लेख वाचायला मिळतात, त्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते: लाल रंगाने भूक चाळवते, पिवळ्याने मन प्रसन्न होते, म्हणून या साखळ्या हे दोन रंग वापरतात. हे खरे आहे का? आणि रंग हे कारण नसेल, तर ज्या मुलीला वाचता येत नाही तिच्या मनात हे चिन्ह इतके पक्के कशाने बसले? मुलांना चुकीचे काही शिकवायचे नाही, म्हणून जाणकारांना विचारते आहे.

रेषाकार

गेली पंचवीस वर्षे मी दुकानांचे फलक आणि बोधचिन्हे तयार करतो, म्हणून आधी रंगाच्या प्रश्नाला उत्तर देतो.

लाल-पिवळ्या रंगाने भूक वाढते हे विधान आमच्या व्यवसायात सर्रास ऐकू येते, पण ते एकमेकांचे ऐकून पुढे सांगितले जाते. ते इतके सरळ असते, तर सबवेने हिरवा-पिवळा, डॉमिनोजने निळा-लाल आणि टॅको बेलने जांभळा रंग घेतला नसता. खुद्द मॅकडोनाल्ड्सने २००९ मध्ये जर्मनीत आपल्या चिन्हामागची लाल पार्श्वभूमी बदलून गडद हिरवी करायला घेतली. पर्यावरणाची काळजी घेणारी कंपनी अशी प्रतिमा तिला हवी होती. भूक वाढवणारा रंग हाती असता, तर तो कोणीही इतक्या सहज सोडला नसता. रंगाचे काम निराळे आहे: लांबून दिसणे आणि शेजारच्या फलकांपेक्षा वेगळे दिसणे.

हे लक्षात येण्यासाठी फास्ट फूड कुठे जन्मले ते पाहावे लागते. त्याचा जन्म मोटारींच्या रस्त्यावर झाला. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांनी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील आपल्या उपाहारगृहाचे काम १९४८ मध्ये कारखान्यासारखे बेतले: मोजके पदार्थ, ठरलेली कृती, वाढपी नाहीत. पण समोरून वेगाने जाणाऱ्या माणसाला थांबायचे की नाही हे ठरवायला काही क्षणच मिळत, आणि तेवढ्यात त्याला जागा ओळखू यायला हवी होती. नवी इमारत बांधताना रिचर्डने कागदावर दोन अर्धवर्तुळे काढली, वास्तुरचनाकार स्टॅन्ली मेस्टन यांनी ती आराखड्यात बसवली आणि जॉर्ज डेक्स्टर नावाच्या फलक बनवणाऱ्या कारागिराने त्या कमानींना पिवळा रंग आणि निऑनचे दिवे दिले. सुमारे २५ फूट उंचीच्या या दोन कमानी इमारतीच्या दोन बाजूंना होत्या. १९५३ मध्ये ॲरिझोनातील फिनिक्स येथे अशी पहिली इमारत उभी राहिली. तिथे ‘एम’ हे अक्षर कुठेच काढलेले नव्हते. रस्त्यावरून तिरके पाहिले की दोन कमानी एकमेकींत मिसळून ते अक्षर दिसे. पुढे १९६१ मध्ये साखळीच्या शाखा वाढवणाऱ्या रे क्रॉक यांनी भावांचा हिस्सा विकत घेतला, १९६२ मध्ये कमानींचे बोधचिन्ह झाले, आणि आज आपण ज्याला चिन्ह म्हणतो ती मुळात एक इमारत होती हे लोक विसरून गेले.

इमारत हाच फलक, ही युक्ती इतरांनीही उचलली. पिझ्झा हटचे लाल छप्पर १९६९ पासूनचे. त्याची ताकद कळते ती शाखा बंद पडल्यावर: इमारत विकली जाते, तिथे दुसरेच काही दुकान येते, छपराचा रंगही बदलतो, तरी येणारेजाणारे छपराच्या आकारावरून आधी इथे काय होते ते बिनचूक सांगतात. केएफसीची कागदी बादली १९५७ मध्ये आली. ती आधी वेष्टन होती, मग खांबावर फिरणारा प्रचंड फलक झाली.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. माझ्या अनुभवाने उत्तर असे, की सगळा खेळ सातत्याचा आहे. चिन्ह किती सुंदर आहे, यापेक्षा ते किती वर्षे, किती ठिकाणी, किती तंतोतंत तसेच दिसले, हे महत्त्वाचे ठरते. या साखळ्यांच्या शाखा बहुतांशी फ्रँचायझीवर, म्हणजे कंपनीचे नाव वापरण्याच्या परवान्यावर चालतात. चालवणारा माणूस स्थानिक असतो, पण त्याला फलकाची छटा, अक्षरांचे वळण, चिन्हाभोवती सोडायची मोकळी जागा, यांतले काहीही बदलण्याची मुभा नसते. शिवाय विक्रीचा ठरावीक हिस्सा तो जाहिरातीच्या सामाईक निधीत भरतो. हजारो दुकानांचे पैसे एकत्र येतात आणि एकच चेहरा पुन्हा पुन्हा लोकांसमोर आणतात. एकट्या उपाहारगृहाचा मालक चवीत कितीही वरचढ असला तरी इथे त्याचा निभाव लागणे कठीण, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण माझी निम्मी गिऱ्हाइके तशीच आहेत.

नवे चिन्ह तयार झाले की मी ते अंगठ्याच्या नखाएवढे छापतो, खोलीच्या पलीकडच्या भिंतीवर चिकटवतो आणि डोळे अर्धवट मिटून पाहतो. धूसर झाल्यावरही आकार उरला, तर चिन्ह चालते. बर्गर किंगने २०२१ मध्ये आपले चिन्ह बदलले तेव्हा निळी झळाळती रेघ काढून टाकून १९६९ च्या चिन्हाशी मिळताजुळता साधा, सपाट आकार पुन्हा आणला. मोबाइलच्या पडद्यावर चिन्ह नखाएवढेच दिसते, हे त्यामागचे एक उघड कारण आहे.

आणि तुमचा तुकड्यांचा प्रयोग एका जाहिरात संस्थेने आधीच करून झाला आहे. २०१८ मध्ये कॅनडात मॅकडोनाल्ड्सने रस्त्यांवर असे फलक लावले, ज्यांवर पिवळ्या कमानीचा फक्त कापलेला भाग होता. त्या भागाचे टोक डावीकडे वळले की डावीकडे वळा, सरळ गेले की सरळ जा. कंपनीचे नाव कुठेही नव्हते आणि वाटसरूंना ते लागलेही नाही.

छायावेध

रेषाकारांनी चिन्हाविषयी सविस्तर लिहिले आहे. मी छायाचित्रांविषयी लिहितो, कारण काही वर्षे मी एका जाहिरात संस्थेसाठी खाद्यपदार्थांची छायाचित्रे काढली आहेत. आमची गिऱ्हाईक कंपनी कोणती हे इथे सांगण्याचे कारण नाही. पद्धत सगळीकडे साधारण सारखीच असते.

एका बर्गरच्या चित्राला आमचा अर्धा दिवस जाई. आधी तीस-चाळीस पाव मांडून त्यांतून एक निवडला जाई, ज्यावर एकही सुरकुती नसेल आणि तीळ सगळीकडे सारखे पसरलेले असतील. जिथे तीळ विरळ असतील तिथे फूड स्टायलिस्ट चिमट्याने एकेक तीळ लावत असे. आतली टिकी पूर्ण भाजायची नाही, कारण पूर्ण भाजली की ती आक्रसते. तिच्या कडेला फक्त रंग येऊ द्यायचा आणि वर कुंचल्याने तेलाचा हात फिरवायचा. मग कांदा, काकडी, चीज हे सगळे कॅमेऱ्याच्या बाजूला पुढे ओढून ठेवायचे. कॅमेऱ्याला फक्त पुढची बाजू दिसते, त्यामुळे मागची बाजू जवळजवळ रिकामी असे. सॉस इंजेक्शनच्या सुईने थेंब थेंब सोडायचा. सगळे झाल्यावर चित्र काढायचे आणि पुढे संगणकावर उरलेसुरले डाग पुसायचे.

यात लबाडी आहे का, असे मला पुष्कळदा विचारले गेले आहे. पदार्थ खरा असतो, घटकही तेच असतात. मॅकडोनाल्ड्सच्या कॅनडातील शाखेने २०१२ मध्ये गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून चित्रीकरणाची ही सगळी प्रक्रिया स्वतःच एका चित्रफितीत दाखवली. दुकानात मिनिटभरात होणारा बर्गर आणि काही तास खपून सजवलेला बर्गर त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. दुकानातला बर्गर डब्यातल्या वाफेने थोडा बसतो आणि घटक पावाखाली झाकले जातात, असे त्यांचे स्पष्टीकरण होते, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. तरीही माझे मत असे, की चित्र पदार्थाचे वर्णन करत नाही, ते पदार्थाविषयीची इच्छा तयार करते. आपण दुकानात पोचतो तेव्हा ती इच्छा आधीच तयार झालेली असते, आणि हातात आलेला चपटा बर्गर आपण त्या चित्राच्या आठवणीसह खातो. तुमच्या वर्गात हे दाखवण्यासारखे आहे: जाहिरातीतले चित्र आणि प्रत्यक्ष पदार्थ यांचे वर्णन मुलांना वेगवेगळे लिहायला सांगा. विशेषणे कुठे लागतात आणि कुठे लागत नाहीत, ते त्यांच्या आपोआप लक्षात येईल.

चित्राच्या या नियमाला ठरवून छेद देणारी एक जाहिरातही झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये बर्गर किंगने आपला व्हॉपर हा बर्गर ३४ दिवस तसाच ठेवून त्यावर वाढत जाणारी बुरशी दाखवली. पदार्थ टिकवणारी कृत्रिम रसायने (प्रिझर्व्हेटिव्ह) वापरत नाही, हे त्यांना सांगायचे होते. हिरवी-करडी बुरशी पाहून कोणाला भूक लागणे शक्य नव्हते, पण सगळ्यांचे लक्ष मात्र वेधले गेले. लक्ष वेधणे आणि भूक लावणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या चित्राने मला नीट कळले.

आहारमित्र

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत लहान मुले बरीच असतात. त्यामुळे मला त्या साडेचार वर्षांच्या मुलीविषयी बोलायचे आहे.

वर्गात सांगता येईल असा एक खरा अभ्यास आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या ६३ मुलांना एकच पदार्थ दोनदा चाखायला दिला, एकदा मॅकडोनाल्ड्सच्या वेष्टनात आणि एकदा साध्या कोऱ्या वेष्टनात. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. बटाट्याच्या फ्राइजच्या बाबतीत ७७ टक्के मुलांना चिन्ह असलेल्या पिशवीतल्या फ्राइज अधिक चवदार लागल्या, साध्या पिशवीतल्या फक्त १३ टक्क्यांना. दोन्ही पिशव्यांत तोच पदार्थ होता. मला सर्वांत विचार करायला लावले ते गाजराने. गाजरे तर बाजारातून आणलेली होती, त्यांचा त्या साखळीशी काहीच संबंध नव्हता. तरी ५४ टक्के मुलांनी चिन्हाच्या वेष्टनातले गाजर अधिक चांगले म्हटले आणि २३ टक्क्यांनी साधे. ज्या घरांत दूरदर्शन संच जास्त होते, त्या घरांतल्या मुलांवर हा परिणामही जास्त दिसला.

म्हणजे चिन्ह ओळखणे ही पहिली पायरी झाली. त्यापुढे ते चिन्ह जिभेपर्यंत पोचते. मोठ्या माणसाला निदान एवढे ठाऊक असते, की समोरचा आपल्याला काही विकू पाहतो आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला जाहिरात आणि गोष्ट यांतला फरकच कळत नाही. त्याच्या लेखी जाहिरातीतला विदूषक म्हणजे एक मित्र असतो. मॅकडोनाल्ड्सचा असा विदूषक, रोनाल्ड मॅकडोनाल्ड हे पात्र, १९६३ मध्ये वॉशिंग्टन येथील दूरचित्रवाणीच्या जाहिरातींतून पहिल्यांदा दिसले, आणि खेळणे घातलेले हॅपी मील, म्हणजे मुलांच्या जेवणाचा डबा, १९७९ मध्ये अमेरिकाभर आले. त्या डब्याची रचना मी बारकाईने पाहिली आहे: वर धरायला कमानींच्या आकाराची मूठ, बाजूंवर कोडी आणि चित्रे. मूल पदार्थ संपवून डबा घरी घेऊन जाते आणि तो दोन दिवस खेळण्यांत राहतो. शिवाय खेळण्यांचा संच असतो, एकदा जाऊन तो पूर्ण होत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत या डब्यांबरोबर टीनी बीनी बेबीज नावाची छोटी बाहुली दिली गेली, तेव्हा पाच आठवडे पुरावा असा बेतलेला सुमारे १० कोटी बाहुल्यांचा साठा दोन आठवड्यांतच संपला. कित्येकांनी खेळणे ठेवून घेतले आणि अन्न टाकून दिले. इतके अन्न केवळ वेष्टन ठरावे, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

काही सरकारांनी याला आवर घालायचा प्रयत्न केला आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १३ वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करायला १९८० पासून बंदी आहे. चिलीने २०१६ पासून, ज्या पदार्थांवर जास्त साखर, मीठ वा चरबीचा काळा इशारा छापावा लागतो, त्यांच्यासोबत खेळणी देण्यास मनाई केली. सॅन फ्रान्सिस्को शहराने पोषणाचे निकष न पाळणाऱ्या जेवणासोबत फुकट खेळणे देऊ नये असा नियम केला; तो डिसेंबर २०११ मध्ये लागू झाला तेव्हा मॅकडोनाल्ड्सने खेळणे फुकट देण्याऐवजी त्याचे वेगळे १० सेंट घ्यायला सुरुवात केली. नियमाचे अक्षर पाळले गेले, खेळणे होते तिथेच राहिले.

ब्रिटनमधला नियम तर रेषाकारांच्या म्हणण्याला थेट दुजोरा देतो. तिथे ५ जानेवारी २०२६ पासून जास्त चरबी, मीठ व साखरेच्या ठरावीक पदार्थांच्या जाहिराती रात्री ९ पूर्वी दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाहीत आणि इंटरनेटवर पैसे देऊन करता येत नाहीत. मात्र एखादा ओळखता येईल असा पदार्थ न दाखवता केवळ ब्रँडची जाहिरात केली, तर तिला मोकळीक आहे. आता पाहा, २०२३ च्या जानेवारीत मॅकडोनाल्ड्सने ब्रिटनमध्ये केलेल्या एका जाहिरातीत ना पदार्थ होता ना उपाहारगृह. कार्यालयातले लोक एकमेकांकडे पाहून फक्त भुवया उंचावतात, आणि भुवयांच्या त्या दोन कमानी पाहून सगळ्यांना निमंत्रण कळते. पदार्थ दाखवायची गरजच उरली नसेल, तर पदार्थ दाखवण्यावरची बंदी कोणाला अडवणार? ज्यांनी सत्तर वर्षे चिन्ह रुजवले, त्यांना या सवलतीचा सर्वांत जास्त फायदा आहे.

सडेतोड

एक मुद्दा राहून जातो आहे. लक्ष वेधण्यासाठी दिलेल्या शब्दाची किंमत कोणीतरी मोजत असते आणि तो बहुधा सर्वांत खालचा कामगार असतो. डॉमिनोजचे ‘३० मिनिटांत पोचवू’ हे आश्वासन जाहिरात म्हणून अचूक होते: लक्षात राहणारे, मोजता येणारे, गिऱ्हाइकाला घड्याळाकडे पाहायला लावणारे. पण ते पाळण्यासाठी गाडी चालवणारे तरुण घाई करतात, अशी टीका होत राहिली. १९९३ मध्ये अपघातात जखमी झालेल्या एका महिलेला अमेरिकेतील ज्यूरीने सुमारे ७.९ कोटी डॉलर भरपाई देण्याचा निकाल दिला आणि त्यानंतर कंपनीने अमेरिकेत ते आश्वासन मागे घेतले. घोषवाक्याचे परीक्षण करताना मुलांना एवढे जरूर विचारायला सांगा, की हे वाक्य खरे करून दाखवायचे काम कोणाच्या वाट्याला येते.

मोजपट्टी

वरच्या सगळ्या प्रतिसादांत लक्ष रस्त्यावर, पडद्यावर किंवा डब्यावर वेधले जाते. माझे काम अ‍ॅपशी संबंधित आहे, त्यामुळे थोडे पुढचे सांगतो. आता या साखळ्यांना सगळ्यांचे लक्ष एकदम नको असते, प्रत्येकाचे वेगळे आणि नेमक्या वेळी हवे असते.

याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे बर्गर किंगची डिसेंबर २०१८ ची मोहीम. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या एखाद्या शाखेपासून ६०० फुटांच्या आत जाऊन बर्गर किंगचे अ‍ॅप उघडले, तर व्हॉपर एका सेंटला मिळत असे, आणि तिथून अ‍ॅप तुम्हाला जवळच्या बर्गर किंगची वाट दाखवत असे. प्रतिस्पर्ध्याच्या हजारो शाखा त्यांनी स्वतःच्या जाहिरातीच्या जागा करून टाकल्या. सगळ्यांना कौतुक वाटले ते खोडीचे. कंपनीला त्यातून मिळाले ते वेगळेच होते: काही दिवसांत सुमारे १५ लाख लोकांनी अ‍ॅप उतरवून घेतले आणि आपले ठिकाण पाहण्याची परवानगी दिली. एक बर्गर खाऊन संपतो, अ‍ॅप फोनमध्ये राहते.

अ‍ॅपमध्ये काय असते ते शांतपणे उघडून पाहा. वर एक पट्टी असते, गुणांची. ती बहुतेक वेळा जवळजवळ भरत आलेली दिसते आणि खाली लिहिलेले असते, की अजून इतके गुण मिळवलेत की अमुक फुकट. शेजारी उलटे चालणारे घड्याळ असते, सवलत संपायला किती तास उरले ते सांगणारे. मी ज्या चाचण्या पाहिल्या आहेत, त्यांत तीच सवलत, तीच रक्कम, पण घड्याळ असलेल्या पडद्यावर लोक लवकर निर्णय घेत. दुर्मीळतेचे हे तंत्र अ‍ॅपच्या कितीतरी आधीचे आहे. मॅकडोनाल्ड्सने १९८१ मध्ये आणलेला मॅकरिब पुढे असाच अधूनमधून येऊ लागला. २००५ मध्ये तर त्याचा ‘निरोप समारंभ’ जाहीर झाला आणि तो पुन्हा आला. कायम मिळणाऱ्या पदार्थाची बातमी होत नाही, परत आलेल्याची होते.

दुकानातले पडदेही बदलले आहेत. मॅकडोनाल्ड्सने २०१९ मध्ये डायनॅमिक यील्ड ही कंपनी सुमारे ३० कोटी डॉलरला घेतली होती. हवामान, दिवसाची वेळ, आत्ता कोणता पदार्थ जास्त खपतो आहे, यांवरून गाडीतून मागणी देणाऱ्याला दिसणारा फलक बदलावा, हा तिचा उपयोग होता. ती पुढे त्यांनी विकली, पण कल्पना सगळीकडे पोचली. रेषाकार म्हणतात ते सातत्य चिन्हापुरते खरे आहे. चिन्ह सगळ्यांना सारखे दिसते आणि त्याच्या आतली यादी प्रत्येकाला वेगळी दिसू लागली आहे. कमान निदान सगळ्यांसमोर उभी असते, तिच्यावर चर्चा करता येते. माझ्या फोनवर दुपारी साडेतीनला आलेली सूचना शेजाऱ्याला दिसतच नाही, त्यामुळे तिच्यावर नियम करणेही फार कठीण आहे.

शब्दपालवी

सर्वांचे मनापासून आभार. एका तासाचे टाचण काढायला बसले होते, आता तीन तास तरी लागतील असे दिसते. गाजराचा अभ्यास आणि ३० मिनिटांचे आश्वासन या दोन्ही गोष्टी मी नक्की घेणार आहे. रेषाकार, आपणांस एक विचारते: रंगाचे काम कोणते आणि आकाराचे कोणते, हे मुलांना व्याख्यान न देता दाखवायचे असेल तर काय करता येईल?

रेषाकार

अगदी सोपे आहे. तीच सात चिन्हे दोन प्रकारे छापा. पहिल्या संचात आकार जसाच्या तसा ठेवा, पण रंग काढून सगळे राखाडी करा. दुसऱ्या संचात आकार काढून टाका आणि त्या चिन्हातले रंग त्याच प्रमाणात आडव्या पट्ट्यांत भरा. मुलांना आधी पट्ट्या दाखवा, मग राखाडी चिन्हे. उलट केलेत तर त्यांना यादी आधीच कळेल. उत्तरे तोंडी घेऊ नका, प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगा, नाहीतर पहिल्या मोठ्या आवाजामागे सगळा वर्ग जातो. मोजपट्टी यांच्या अ‍ॅपविषयीच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. त्या पट्टीचे आणि घड्याळाचे पडदे जमले तर छापून न्या.

शब्दपालवी

आज प्रयोग केला, म्हणून कळवते आहे. वर्गात ३८ मुले होती. राखाडी चिन्हांपैकी पाच जवळजवळ सर्वांनी ओळखली. रंगांच्या पट्ट्यांत जांभळी पट्टी बऱ्याच जणांना जमली, हिरव्या-पिवळ्या पट्टीवर थोडा गोंधळ झाला, आणि ज्या लाल-पिवळ्या पट्टीमुळे मी हा प्रश्न विचारला होता, तिच्याखाली मुलांनी चार वेगवेगळ्या साखळ्यांची नावे लिहिली. एका मुलाने तिथे पोस्टाची पेटी असे लिहिले आहे. त्याचा कागद मी वर्गातल्या फळ्यावर लावला आहे. उद्याच्या तासाला सगळे त्यावरच बोलणार आहोत.